लाल कप्प्यातला निरोप

वैजयंती मगदूमनं आपल्या सख्ख्या भावाचा निरोप साठ बायकांसमोर मोठ्यानं वाचून दाखवला, आणि सगळ्या हसल्या. ती स्वतःही हसली. नंतर कितीतरी दिवस तिला ते हसू आठवायचं आणि हातातलं काम थांबायचं.

ती का हसली, हे कळायला तीन वर्षं मागं जावं लागेल.

तेव्हा वैजयंती नाशिकच्या एका औषध कारखान्यात तपासनीस होती. एका दुपारी चॅटवर तिची मैत्रीण कल्पना हिचा निरोप आला. 'अगं, माझा सहा आकडी कोड चुकून तुझ्या नंबरवर गेलाय. पाठव ना पटकन, मी रांगेत उभी आहे.' वैजयंतीनं पाठवला. दुसऱ्या मिनिटाला तिचं स्वतःचंच खातं बंद पडलं. तो कोड तिच्याच खात्याची किल्ली होता आणि ती कल्पना नव्हतीच. पुढचे चार तास तिच्या नावानं, अगदी तिच्याच बोलण्याच्या ढंगात, ओळखीच्या सगळ्यांना निरोप गेले. सुकुमारला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, अपघात झालाय, मदत करा, फोन करू नका, मी ऑपरेशन थिएटरच्या दारात आहे. तिच्या मावशीनं डोळ्याच्या शस्त्रक्रियेसाठी ठेवलेले पैसे पाठवून दिले. मावशी वैजयंतीला एका शब्दानं बोलली नाही. फक्त त्यानंतर तिच्या कुठल्याही निरोपाला तिनं उत्तर दिलं नाही.

ही शरम वैजयंतीच्या मनात घर करून बसली. तिनं या फसवणुकीचा अभ्यास सुरू केला, आणि हळूहळू ती दुसऱ्यांना शिकवू लागली. सोसायट्यांमध्ये, महिला मंडळांत, पतसंस्थांच्या सभांत. तिचं सांगणं साधं असायचं. "निरोपात घाई असेल तर थांबा. 'फोन करू नको' असं असेल तर थांबा. माणूस नेहमीसारखा लिहीत नसेल तर थांबाच. आणि उचलल्यावर पलीकडून कुणी बोलतच नाही असा फोन आला, तर हॅलो हॅलो करत बसू नका. ते तुमचा आवाज चोरतात. ठेवून द्या."

मग 'ठसा' आला.

ठग मंडळींच्या हातात तोवर माणसाची भाषा उचलणारी यंत्रं आली होती. एखाद्याचे हजारभर जुने निरोप मिळाले, की यंत्र त्याच्यासारखं लिहू लागे. त्याच्या म्हणी, त्याचे विनोद, त्याची 'अगं'ची सवय, सगळं. मजकूर वाचून खरं-खोटं ठरवणं माणसाच्या आवाक्याबाहेर गेलं. तेव्हा चॅट चालवणाऱ्या कंपन्यांनी मजकुराच्या खाली, बोटांपर्यंत जायचं ठरवलं. माणूस कळ किती वेळ दाबून धरतो, 'क'नंतर काना द्यायला किती थांबतो, चुकल्यावर एक अक्षर पुसतो की अख्खा शब्द, लिहिताना फोन किती कलतो, या बारीकसारीक गोष्टींची प्रत्येकाची एक लय असते. चालीवरून अंधारातही माणूस ओळखावा, तशी ती ओळखता येते. दोन-तीन महिने ती लय टिपून यंत्र प्रत्येकाचा एक ठसा तयार करी. ठसा जुळला तर निरोपाशेजारी हिरवा ठिपका. नाही जुळला तर निरोप आवाज न करता लाल कप्प्यात जाऊन पडे. तो उघडून 'खोटा' असं दाबलं, की पाठवणाऱ्याचं खातं सहा तास गोठे, म्हणजे ठगाला दुसरं सावज शोधता येऊ नये. दाबणाऱ्याचा शब्द जितका भरवशाचा, तितकं हे लवकर होई. आणि वैजयंतीचा शब्द फार भरवशाचा होता.

फसवणूक खरोखरच कमी झाली. लोक पुन्हा निर्धास्त झाले. वैजयंतीसुद्धा.

तिचा भाऊ भूपाल शिरगुप्पे, तिचा अण्णा, जयसिंगपूरला एकटा राहायचा. वहिनी जाऊन चार वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. अण्णांनी तीस वर्षं टंकलेखनाची संस्था चालवली. मराठी थर्टी, मराठी फोर्टी, म्हणजे मिनिटाला तीस-चाळीस शब्दांच्या परीक्षा. निम्म्या तालुक्याचे कारकून त्यांच्या हाताखालून गेलेले. यंत्रं गेली, संस्था बंद झाली, पण शिस्त गेली नाही. फोनवरसुद्धा दोन्ही अंगठ्यांनी ते असं लिहायचे, की ऱ्हस्वदीर्घाची एक चूक सापडू नये. वैजयंतीच्या निरोपांतल्या चुका मात्र ते न चुकता काढायचे.

'वैजू, "दिर्घ" हा शब्द तरी दीर्घ लिही गं.'

ती वैतागायची, आणि दुसऱ्या दिवशी मुद्दाम आणखी एक चूक करायची.

त्या मंगळवारी नाशिकच्या एका सोसायटीच्या सभागृहात तिचं व्याख्यान होतं. पावणेअकराच्या सुमारास तिनं आपला फोन मोठ्या पडद्याला जोडला.

"चला, माझाच लाल कप्पा उघडून दाखवते," ती म्हणाली. "बघू आज कुणी गळ टाकलाय."

सगळ्यात वर पाच मिनिटांपूर्वीचा एक निरोप होता. नाव अण्णांचं.

'वैज लवकर य. बोलत यत नही. फोन नको. चौगल ला संग'

वैजयंतीनं तो वाचून दाखवला. "बघा, घाई आहे. बोलता येत नाही म्हणतोय, फोनही नको म्हणतोय. आणि मजा सांगू? माझ्या भावानं तीस वर्षं टायपिंग शिकवलंय. तो मरताना मृत्युपत्र लिहील तेही शुद्धलेखन तपासून. हा ठग मात्र चौथी नापास दिसतोय."

साठ जणी हसल्या. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी विचारलं, "पण ताई, एकदा फोन करून खात्री करायला नको?"

"तेच तर त्यांना हवं असतं," वैजयंती म्हणाली. "तुम्ही बोललात की आवाज गेला त्यांच्याकडे." आणि सगळ्यांना दिसेल असं तिनं 'खोटा' दाबलं.

चार वाजून दहा मिनिटांनी चौगुले वहिनींचा फोन आला. त्या अण्णांच्या शेजारी राहायच्या.

"वैजयंतीताई, तुम्ही निघा लगेच. अण्णा पलंग नि भिंतीच्या मधी पडल्यात. सकाळचा पेपर अजून ग्रिलमध्येच दिसला म्हणून मी हाका मारल्या. दार फोडायला लागलं. एक बाजू पार गेलीय हो. मिरजेला नेतोय."

वैजयंतीला सभागृहातला तो मोठा पडदा आठवला.

गाडी सुकुमार चालवत होता. सिन्नर मागं पडल्यावर तिनं त्याला सांगितलं, एका दमात, समोरच्या रस्त्याकडं बघत.

"तुझ्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं," सुकुमार म्हणाला.

"त्या कुणालाही मीच शिकवलंय ना," ती म्हणाली.

मिरजेच्या इस्पितळात डॉक्टरीणबाई तरुण होत्या, थकलेल्या होत्या, पण नीट समजावून सांगत होत्या. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. भाषा तिथंच असते, उजव्या हातापायाची सूत्रंही तिथूनच हलतात. गुठळी विरघळवणारं औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं.

"नक्की कधी झालं, काही कल्पना आहे? शेजारच्यांना सांगता येत नव्हतं."

"सकाळी दहा चाळीसच्या आधी," वैजयंती म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनी मला कळवलं होतं."

डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं आणि ती वेळ कागदावर लिहून घेतली.

नर्सनं अण्णांचं सामान एका पिशवीत दिलं. घड्याळ, चष्मा, फोन. फोनचा कुलूप-आकडा वैजयंतीला ठाऊक होता. तिनं तो उघडला, आणि उघडायला नको होता असं तिला झालं. दहा चाळीसला तिला निरोप गेला होता. त्यानंतर चौगुले वहिनींना एक, पुन्हा एक, मग जुन्या एका विद्यार्थ्याला, मग परत वहिनींना. प्रत्येकाखाली एकच ओळ. 'पाठवता आला नाही. संपर्कातील व्यक्तीच्या तक्रारीवरून खातं गोठवलं आहे.' मग साधे फोन लावलेले. वैजयंतीला दोनदा, पण तिनं खोटा ठरवलेला नंबर तिच्यापर्यंत पोचत नव्हता. चौगुले वहिनींना एकदा. तो उचलला गेला होता. सात सेकंद.

वहिनी रडायलाच लागल्या. "पलीकडनं नुसतं घरघरल्यासारखं येत होतं. बोलत कोण नाही बघून मी ठेवलं बाई. तुमचाच व्हिडिओ नव्हता का आला आमच्या ग्रुपवर? नंबर बघायचंही सुचलं नाही."

बारा वाजल्यानंतर अण्णांनी कुणालाच काही पाठवलं नव्हतं.

अण्णा वाचले. तीन आठवड्यांनी ते घरी आले. उजवा हात मांडीवर ठेवला तर तिथंच राहायचा. डोक्यात शब्द असायचा, पण तोंडापर्यंत येता येता त्याचं भलतंच काही व्हायचं. पाणी हवं असलं की 'दार' म्हणायचे, आणि आपण चुकलो हे त्यांना कळायचं, तेच जास्त वाईट होतं. वाचाउपचार करणारी मुलगी आठवड्यातून दोनदा यायची. ती म्हणाली होती, "बोलणं यायला वेळ लागेल. लिहिणं त्याहून सावकाश. सुरुवातीला हो आणि नाहीमध्येसुद्धा गोंधळ होतो, मनाला लावून घेऊ नका."

वैजयंतीनं नोकरीतून रजा घेतली आणि ती जयसिंगपूरला राहिली. व्याख्यानांची निमंत्रणं यायची, ती उत्तर द्यायची नाही. अण्णांना न्हाऊमाखू घालणं, भरवणं, पाचच्या सुमारास अंगणात चार पावलं चालवणं. ती दिवसभर त्यांच्याशी बोलायची, मंडईतलं, शेजारचं, सुकुमारचं. एका गोष्टीवर मात्र बोलायची नाही. अण्णा तिच्याकडं बघायचे. त्या नजरेत काय आहे ते तिला कळायचं नाही, आणि विचारायची छाती नव्हती.

घरी आल्याला महिना झाला असेल. दुपारी अण्णा झोपले होते आणि वैजयंती ओट्याशी मेथी निवडत होती. फोन वाजला. हिरवा ठिपका होता आणि नाव अण्णांचं.

'वैजू, किती दिवस झाले, एक चूक म्हणून सापडली नाही तुझी. आजारी आहेस का?'

तिच्या हातातली जुडी खाली पडली. ती धावत आतल्या खोलीत गेली. अण्णा तोंड किंचित उघडं टाकून झोपले होते. त्यांचा फोन कपाटात होता, बंद.

हे कसं झालं असेल, हे वैजयंतीइतकं स्पष्ट कुणालाच कळलं नसतं. अण्णांनी कधीतरी शुद्धलेखन तपासणारा एक फुकटचा मराठी कीबोर्ड फोनवर घेतला होता. त्या कीबोर्डनं त्यांचं लिहिणं नेलं आणि लिहिण्याची लयही नेली. आता कुणीतरी त्यांचं खातं दुसऱ्या फोनवर उघडलं होतं. फोन नवा होता, पण बोटांची लय जुनी होती, म्हणून ठशाला शंका आली नाही. इस्पितळातून आलेले अण्णा ठशाच्या लेखी परके होते, आणि कुठल्याशा खोलीतलं यंत्र भूपाल शिरगुप्पे होतं.

काय करायचं असतं, हे तिनं हजारो लोकांना शिकवलं होतं. उत्तर द्यायचं नाही, तक्रार करायची, खातं बंद करून घ्यायचं.

तिनं लिहिलं, 'आजारी नाही. कामात आहे.'

'कामात आहे म्हणणारी माणसं कामात नसतात,' असं उत्तर आलं. 'जेवलीस का?'

दीड महिन्यात तिला कुणी जेवलीस का म्हणून विचारलं नव्हतं. ती ओट्याला टेकून रडली, आणि मग तिनं उत्तर लिहिलं.

अकरा दिवस हे चाललं. अण्णा झोपले की ती फोन घेऊन मागच्या दारी बसायची. वहिनीच्या हातची दोडक्याची चटणी, संस्थेतला तो तोतरा विद्यार्थी जो पुढं तहसीलदार झाला, वडिलांचा मार, सगळं त्या पलीकडच्याला ठाऊक होतं. जुन्या निरोपांत ते सगळं होतंच. ती मुद्दाम चुका करायची आणि तो त्या काढायचा. आपण कुणाशी बोलतोय हे ती एक क्षणही विसरली नव्हती. तो ठग आहे, आणि आज ना उद्या तो मागणार, हे तिला माहीत होतं. तरी रोज दुपारची ती वाट बघायची, आणि आतल्या खोलीतल्या माणसाला भरवताना हल्ली तिचा हात घाई करायचा. ते तिच्या लक्षात आलं होतं.

बाराव्या दिवशी त्यानं मागितलं.

'वैजू, माझा एक कोड तुझ्या नंबरवर आला असेल बघ. सहा आकडी. पाठव गं जरा पटकन.'

कोड आला होता. वैजयंतीनं लिहिलं, 'पाठवते. आधी एक सांग. त्या दिवशी तुझा निरोप आला आणि मी तो खोटा ठरवला. लोकांसमोर वाचून हसले. तू माझ्यावर रागावलास का?'

दोन सेकंदसुद्धा गेले नाहीत.

'वेडी आहेस का? तुझ्यावर रागावून मी जाणार कुठं? विसर ते. कोड पाठव.'

तिनं ते तीनदा वाचलं. प्रत्येक अक्षर अण्णांचं होतं. याच शब्दांसाठी ती दोन महिने झुरली होती. आणि शेजारी हिरवा ठिपका होता.

मग तिनं तक्रारीचं पान उघडलं. 'या व्यक्तीचा ठसा चोरीला गेला आहे.' पुढं सूचना आली. 'ठसा कायमचा पुसला जाईल. यापुढे या लयीचा प्रत्येक संदेश खोटा धरला जाईल. नवा ठसा तयार होईपर्यंत व्यक्तीचे सर्व संदेश लाल कप्प्यात जातील. पुसायचा?' तिनं होकार दिला. अकरा दिवसांचं बोलणं डोळ्यांदेखत राखाडी झालं. शेवटची ओळ अर्धीच राहिली होती. 'वैजू, अगं ऐक'

ती उठून आत गेली. अण्णा जागे होते, उशीला टेकून बसले होते. वैजयंतीनं कपाटातून त्यांचा फोन काढला, चालू केला, साधा कीबोर्ड लावला आणि त्यांच्या डाव्या हाताशी ठेवला.

"अण्णा," ती म्हणाली, "मला एक विचारायचंय. तुला बोलता येत नसेल तर लिही. हवा तेवढा वेळ घे."

त्यांनी तिच्याकडं पाहिलं.

"त्या दिवशी तुझा निरोप मला मिळाला होता. मी वाचला होता. आणि मी खोटा म्हणून दाबला. तुझं खातं बंद पडलं ते माझ्यामुळं. तुला माहीत होतं का ते मला माहीत नाही." ती पलंगाच्या कडेवर बसली. "तू रागावलायस का माझ्यावर?"

अण्णांनी डाव्या हाताचं बोट फोनवर आणलं. एक अक्षर लागलं, ते चुकलं, त्यांनी पुसलं. पुन्हा लागलं, पुन्हा पुसलं. बाहेर चौगुल्यांच्या अंगणात कुणीतरी धुणं आपटत होतं. वैजयंती पलंगाच्या कडेवर बसून राहिली. पाच मिनिटं गेली असतील, किंवा दहा.

तिच्या फोनवर काहीच वाजलं नाही. तिनं स्वतः लाल कप्पा उघडला.

'हो'

खाली यंत्राची ओळ होती. 'हा संदेश खोटा असण्याची शक्यता खूप जास्त आहे.'

वाचाउपचारवाल्या मुलीचं बोलणं तिला आठवलं. हो आणि नाहीमध्ये गोंधळ होतो. एवढा आधार पुरेसा होता. त्याला धरून ती जन्मभर राहू शकली असती.

"अण्णा, हो म्हणजे... तुला नाही म्हणायचंय का?"

अण्णांनी मान हलवली नाही. त्यांनी डावा हात लांब केला, तिच्या हातातला फोन आपल्याकडं वळवला, आणि बोट त्या शब्दाखाली टेकवलं. तिथंच ठेवलं. त्यांचे डोळे कोरडे होते आणि तिच्यावर रोखलेले होते. दीड महिना जे तिला वाचता येत नव्हतं, ते आता साफ वाचता येत होतं.

"बरं," वैजयंती म्हणाली.

आणखी काही येईल म्हणून ती थांबली. काही आलं नाही. पाच वाजत आले होते. तिनं दोन्ही फोन बाजूला ठेवले, वाकून अण्णांच्या काखेत हात घातला, आणि त्यांना उठवलं. ते उठताना नेहमीसारखे तिला धरून उठले नाहीत. पण उभं राहिल्यावर तोल गेला, आणि त्यांचं सगळं ओझं तिच्या खांद्यावर आलं.